नऊ कोटी नव्वद लाख सत्तर हजार पाचशे तेवीस

रायपूरला, तेलीबांध्याच्या या इमारतीत मी राहायला आले, त्याच संध्याकाळी गजभिये काकांनी मला जिन्यात अडवलं आणि माझ्या विजेच्या मीटरचा नंबर विचारला. नाव नाही, गाव नाही, नोकरी नाही. मी साताऱ्याकडची, परक्या गावात एकटी, आणि समोर लुंगी-बनियनवरचे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ हातात पेन्सिल घेऊन उभे. मला वाटलं, वीज कंपनीचे असावेत. मी निमूटपणे मीटर पाहून आले आणि नंबर सांगितला. शेवटचा अंक पाच होता. त्यांचा चेहरा पडला.

"पाचनं जाते," ते म्हणाले. "जाऊ द्या. तुमचा काय दोष मॅडम जी, बसवनाऱ्यानं बसवला."

अशी आमची ओळख झाली. तेव्हापासून माझ्या मालकीच्या प्रत्येक आकड्याचे अवयव काकांनी पाडलेले आहेत. माझा फ्लॅट तीनशे दोन, म्हणजे दोन आणि एकशे एक्कावन्न. माझी स्कूटर त्रेचाळीसशे एकाहत्तर. ती त्यांनी पार्किंगमध्ये उभ्याउभ्या फोडली: "तीन, एकतीस, सत्तेचाळीस. लई दिसाले भारी होती, पन फुटली." सोसायटीचे सेक्रेटरी साहू भैया यांच्या कारचा नंबर मात्र एकोणऐंशीशे एकोणीस. त्याला कशानेच भाग जात नाही. त्यामुळे साहू भैयांनी कार वेडीवाकडी लावली तरी काका काही बोलत नाहीत. "गाडी मूळ संख्या हाय," असं हळू आवाजात सांगतात, "मानूस कसाही असो."

हे वेड कुठून आलं, तर रेल्वेच्या यार्डातून. काका एकतीस वर्षं ट्रेन क्लर्क होते. मालगाडी यार्डात आली की तिच्या कडेकडेने चालत जायचं आणि एकेका डब्याचा नंबर लिहून घ्यायचा, ऊन असो की पाऊस. डब्याचा नंबर अकरा अंकी असतो. त्यातला अकरावा अंक आधीच्या दहांवरून हिशेबाने ठरवलेला असतो, म्हणजे लिहिताना एखादा अंक चुकला की गणित जुळत नाही आणि चूक उघडी पडते. काकांना हे फार आवडायचं. "डब्यालेही ताळा असते, मॅडम. मानसाले नसते, म्हनून तर सारा गोंधळ." एकतीस वर्षांत आपला एकही ताळा खोटा निघाला नाही, हे ते दर आठवड्याला एकदा तरी सांगतात. आधी मी कौतुकाने ऐकायची. नंतर भाजी निवडता निवडता ऐकू लागले.

पण घरात गणिताची खरी मालकीण विमल काकू. त्या बीरगावला शाळेत गणित शिकवायच्या. उरल्याच्या कारखान्यांतल्या कामगारांची मुलं त्यांच्या हाताखालून गेली. बाई बुटक्या, आवाज मोठा, आणि एकोणतिसाचा पाढा झोपेतून उठवून विचारला तरी तयार. काका यार्डात कितीही शहाणे असले तरी घरी त्यांचा दर्जा मॉनिटरचा. काकूंनी "खडू" म्हटलं की ते पेन्सिल आणून देतात, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मला त्या कधी माझ्या नावाने हाक मारत, कधी सुनीता म्हणत. सुनीता त्यांची कुणीतरी जुनी विद्यार्थिनी. मला ते लाडाचं वाटायचं.

तर या दोघांच्या स्वतःच्या मीटरचा नंबर होता नऊ कोटी नव्वद लाख सत्तर हजार पाचशे तेवीस. नवा मीटर बसला त्या दिवशी काकांनी नेहमीप्रमाणे तो फोडायला घेतला. दोनने जाईना, तीनने जाईना, सातने, अकराने, तेराने जाईना. शंभरपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या हरल्या. तेव्हा काकूंनी पदर खोचला. "असा नाही मानत का? मंग शिस्तीनं पाहू."

शिस्त अशी होती. आकड्याच्या वर्गमुळाएवढ्या मूळ संख्यांपर्यंत भाग देऊन पाहायचा. तिथवर कशानेच गेला नाही तर तो आकडाही मूळ, पुढे तपासायची गरज नाही. अशा संख्या निघाल्या बाराशे सत्तावीस, शेवटची नऊ हजार नऊशे एकोणपन्नास. रोज संध्याकाळी सहाला एक संख्या, वहीचं एक पान. भागाकार काकूंनी निळ्या पेनने करायचा. मग काकांनी हिरव्या पेनने खाली ताळा करायचा: गुणून, बाकी मिळवून मूळ आकडा परत आला की बरोबरची खूण. मोबाईलला विचारायचं नाही, हा काकूंचा कायदा. "आधी गनित सोडवाचं, मंग मागचं उत्तर पाहाचं. आधीच पाहाते ते कॉपी."

तीन वर्षांहून जास्त काळ हे चाललं. मी आले तेव्हा दोघं पाच हजारांच्या घरात होते. आता सहा वह्या भरून सातवी सुरू झाली होती. सुरुवातीला मला हसू यायचं, मग त्याचीच सवय झाली, आणि सहाच्या सुमाराला भिंतीपलीकडून "बाकी?" असा काकांचा आवाज आला नाही तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

या उन्हाळ्यात शेवट दिसू लागला. काकूंनी इमारतभर सांगून टाकलं की येत्या रविवारी सकाळी अकराला शेवटचा भागाकार सगळ्यांसमोर होईल आणि पेढे वाटले जातील. साहू भैयांनी ग्रुपवर निमंत्रण टाकलं. काकूंनी जांभळी साडी इस्त्रीला दिली. एकटे काका गप्प होते. दोनदा तर त्यांनी पेनातली शाई संपल्याचं कारण काढून दिवस पुढे ढकलला. मी म्हटलं, परीक्षा जवळ आली की भल्याभल्यांचं असं होतं.

आणि मग बुधवारी मी घाण करून ठेवली. नवा रायपूरच्या ऑफिसात माझं काम आकडेवारीचंच. जेवणाच्या सुट्टीत हात रिकामा होता, समोर कॉम्प्युटर होता. काकूंचा कायदा मला पाठ होता, तरी मी तो आकडा टाकला. एक क्षणही लागला नाही. उत्तर आलं: सहा हजार नऊशे सत्त्याण्णव गुणिले चौदा हजार एकशे एकोणसाठ.

आकडा फुटत होता. म्हणजे जवळजवळ वर्षभरापूर्वी, सहा हजार नऊशे सत्त्याण्णवच्या पानावर, बाकी शून्य यायला हवी होती, आणि ती या दोघांच्या हातून निसटली होती. रविवारी सगळ्या इमारतीसमोर ते तो मूळ म्हणून जाहीर करणार, आणि हातात फोन असलेला कुणीही माणूस दोन मिनिटांत त्यांना खोटं ठरवणार.

गुरुवारी मी वही पाहायला म्हणून गेले. काकूंनी कौतुकाने सगळा गठ्ठाच पुढे केला. पाचव्या वहीच्या मधोमध ते पान सापडलं. निळा भागाकार सुबक अक्षरात उतरत आला होता आणि अगदी शेवटच्या पायरीला घसरला होता. नऊ गुणिले सहा हजार नऊशे सत्त्याण्णव करताना हातचे सहा होते, काकूंनी पाच धरले. बासष्ट हजार नऊशे त्र्याहत्तरच्या जागी त्रेसष्ट झालं आणि बाकी आली दहा. खाली काकांचा हिरवा ताळा. गुणाकार त्यांनीही चुकवला होता, तोही बरोब्बर दहाने कमी. त्यात काकूंची बाकी मिळवल्यावर आकडा चोख परत येत होता. समोर बरोबरची खूण.

दोन वेगळ्या माणसांच्या दोन वेगळ्या चुका, आणि दोन्ही सारख्याच मापाच्या. आकडेवारीत पोट भरणाऱ्या बाईला इथे तरी संशय यायला हवा होता. मला आला नाही. मी फक्त म्हटलं, नशीब किती वाईट असावं एखाद्याचं.

काकू माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. "काय पाहून राहिली तू इतकं? चुकलं काय कुठं?"

"नाही काकू, अक्षर पाहतेय."

"पाह्य पाह्य. एकही खाडाखोड नाही." त्यांनी चहा पुढे केला. चहात साखर नव्हती, मीठ होतं. मी तो प्यायले आणि काकांनीही शांतपणे प्यायला.

काकांना सांगायचं, एवढं मी ठरवलं होतं. रविवारच्या आत, एकट्याला गाठून. पण काका एकटे सापडेनात. शुक्रवारी जिन्यात भेटले, तर मी "काका, त्या वहीत..." म्हणेपर्यंत ते "दूध आनाचं हाय" म्हणून पायऱ्या उतरलेसुद्धा. हातात दुधाची पिशवी आधीच होती. शनिवारी सकाळी तेलीबांध्याच्या तलावाच्या काठाला मी त्यांना गाठलं. काकू दहा पावलं पुढे चालत होत्या. मी म्हटलं, "काका, सहा हजार नऊशे..." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथेच थांबले. तसे रागावलेले काका मी कधी पाहिले नव्हते. "फिराले आलो मॅडम आपन," ते म्हणाले, "आकडे घरी." आणि भराभर चालत काकूंना गाठून त्यांनी त्यांचा हात धरला.

मला मनापासून राग आला. मी यांचं भलं करायला जीव टांगणीला लावून बसले आहे आणि हा माणूस मला झिडकारतो! जा, होऊ दे रविवारी शोभा, असंही मनात येऊन गेलं. मग त्या जांभळ्या साडीची आठवण झाली आणि मी घरी जाऊन उगाच सगळी कपाटं आवरत बसले.

रविवारी अकरा वाजता त्यांच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. साहू भैया सहकुटुंब, तळमजल्यावरच्या दोन मास्तरणी, वरच्या मजल्यावरचं नवं जोडपं. काकू टेबलाशी बसल्या. काका त्यांच्या मागे उभे, हिरवा पेन दोन्ही हातांत धरून. मी दाराशी.

काकूंनी भागाकार सुरू केला. एक अंक लिहायच्या, थांबायच्या. कधी लांब थांबायच्या. मध्येच त्यांचं पेन हवेत राहिलं आणि ओठ नुसतेच हलत राहिले. काकांच्या कपाळावर घाम आला होता आणि ते तो पुसत नव्हते. मी त्या पेनाच्या टोकाकडे बघत बसले. देवाशपथ, माझ्या बारावीच्या निकालाला मी इतकी घाबरले नव्हते.

"नऊ हजार नऊशे सत्तावन्न वेळा," काकू शेवटी म्हणाल्या. "बाकी आठ हजार तीनशे तीस. नाही जात!"

काकांनी वही ओढून घेतली. त्यांनी ताळा इतका सावकाश केला की साहू भैयांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग खूण केली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. शेवटी म्हणाले, "बरोबर हाय. विमल, बरोबर हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या आणि म्हटलं, सुटलो. आता पेढे खाऊन सगळे घरी जातील.

पण काकू उभ्या राहिल्या. वर्गात उभ्या राहायच्या तशाच असणार. "टाळ्या मागून. गनित सोडवून झालं, आता मागचं उत्तर पाहाचं. साहू भैया, मोबाईल निकालो."

"क्या बात है दीदी, हव हव," म्हणत साहू भैयांनी फोन काढला. काकू एकेक अंक खणखणीत आवाजात सांगू लागल्या. नऊ. नऊ. शून्य. सात. काकांनी टेबलाचा काठ धरला. मी माणसांमधून वाट काढत साहू भैयांपर्यंत पोचले. शून्य. पाच. दोन. तीन. भैयांनी बोट दाबलं, स्क्रीनकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि फोन माझ्यापुढे धरला.

"दीदी, आप तो यही काम करती हैं. ये क्या बता रहा है?"

स्क्रीनवर दोन आकडे आणि मधे गुणाकाराची खूण. सहा हजार नऊशे सत्त्याण्णव, चौदा हजार एकशे एकोणसाठ. मी मान वर केली. काकू माझ्याकडे पाहत होत्या. डोळ्यांत भीती होती, साधी, निकालाला उभ्या राहिलेल्या पोरीसारखी. मी इतके महिने या बाईच्या शेजारी राहिले आणि ती भीती मला तोपर्यंत दिसली नव्हती, याची मला आजही लाज वाटते.

"मूळ आहे," मी म्हटलं. "काकू, मूळ आहे. कशानेच भाग जात नाही म्हणतोय."

साहू भैया म्हणाले, "बधाई हो!" आणि पेढ्यांच्या डब्याकडे वळले. फोन माझ्याच हातात होता. मी ते सगळं पुसून टाकलं. काकू खुर्चीत बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या, आणि मग हसायला.

लोक पांगल्यावर काका मला सोडायला आले. सोडायचं ते कुठे, शेजारच्या दारापर्यंत. त्यांनी स्वतःचं दार मागे ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसले.

"कधीपासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"बुधवारपासून. काका, मला सांगायचं होतं, पण तुम्ही..."

"मले वर्ष होऊन राहिलं."

मी तिथेच त्यांच्या शेजारी बसले.

"त्या दिवशी आमी डॉक्टरकडून आलो होतो," काका म्हणाले. "ते म्हने, बाईंचं विसरनं आता वाढत जाईन. घरी येऊन तिनं साडीही नाही बदलली. वही घेतली आन मले म्हने, पाहा जी, ज्या दिवशी माहा भागाकार चुकन त्या दिवशी सांगाचं. लपवाचं नाही. त्या दिवसापासून मी वहीले हात लावनार नाही. आन लगेच सहा हजार नऊशे सत्त्याण्णव काढला. हातचा चुकला. मी ताळा कराले बसलो आन मले दिसलं, चूक हाय, आन आकडाही फुटून राहिला. अडीच वर्षं ज्याच्यासाठी बसलो ते सापडलं होतं मॅडम. ओरडाले पाहिजे होतं मी. पन ओरडलो असतो तर वही बंद झाली असती. आन वही बंद झाली असती तर ते सायंकाळी सहाले काय करन? मले कशी ओळखन? सध्या सारं विसरते, पन सहा वाजले की बाकी काढाची हाय, हे नाही विसरत."

"म्हणून तुम्ही ताळा..."

"एकतीस वर्षात नाही केला तो केला. मंग तिचं चुकनं वाढलं तसा मीही सराईत झालो. अलीकडं तर तिसऱ्या-चौथ्या पानाले." त्यांनी लुंगीच्या टोकाने डोळे पुसले. "आजचा मात्र खरा हाय. आजचा भागाकार तिनं अगदी बरोबर केला. म्हनून मले बोलता नाही आलं."

मी त्यांचा हात धरला. एवढ्यात आतून काकूंची हाक आली, "अहो, उद्या कोनता आकडा घ्याचा?" आणि काका घाईघाईने माझ्याकडे झुकले.

"मॅडम, एक काम करा. तुमच्या कॉम्प्युटरवर मले एक आकडा पाहून द्या. मोठा. नऊ अंकी."

"नऊ अंकी? काका, रोज एक म्हटलं तरी नऊ वर्षं लागतील."

"हव. तेवढीच पाहिजेत." मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "पन खरा मूळ पाहिजे. पक्का. तुमी दहादा तपासा. आकडा खरा मूळ असला ना, तर तिनं बाकी दहा काढो की हजार काढो, शेवटी उत्तर तिचंच बरोबर येते. मंग तिले कोनी चूक नाही म्हनू शकत. मोबाईलही नाही."

सोमवारी मी जेवले नाही, आकडा शोधला. दहा वेळा तपासला. तो इथे लिहीत नाही, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी फोन काढेल आणि त्याची आता गरज नाही. संध्याकाळी सहाला मी तो कागदावर घेऊन गेले आणि माझ्या ऑफिसच्या ओळखपत्राचा नंबर आहे म्हणून खोटं सांगितलं. काकूंनी चष्मा लावून कागद दूर धरला, जवळ धरला.

"सरकारी हाय. बारीक पाहावा लागन," त्या म्हणाल्या. मग काकांकडे वळून, जरा हळू, "लई मोठा हाय जी. होईन का आपल्याच्यानं पुरा?"

"पुरा कराची घाई कोनाले हाय," काका म्हणाले आणि त्यांनी नवी वही उघडून काकूंपुढे ठेवली.

काकूंनी दोनने सुरुवात केली. बाकी एक आली. काकांनी हिरवा पेन उघडला आणि ताळा केला.